दहा थेंब

या, आत या, असे उंबऱ्यात उभे राहू नका. पुढे सरकून बसा, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल, मागच्यालाही ऐकू जायला हवं. आज एका दुपारची गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक टेबल आहे, एक कागद आहे आणि बारा पांढऱ्या बाटल्या आहेत. पण ऐकून उठाल तेव्हा एकदा आपल्याच हातांकडे बघाल, एवढं वचन देतो.

वस्तीतल्या एका घरातली पाच मोठी माणसं आणि एक लेकरू त्या रविवारी जेवणघरात होतं. जेवणं आटोपली होती. ताटं मोरीत गेली होती आणि आत्याचा हात नळाखाली होता. आत्याचा हात नळाखाली नाही अशी वेळ त्या घरात क्वचितच यायची. बिनलग्नाची राहून तिने भावाची दोन आईवेगळी पोरं वाढवली ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवून. तोंडाने देवाचं नाव आणि हाताने भांडं, असा तिचा जन्म गेला.

टेबलाशी धाकटी बसली होती. चौतीस वर्षांची, डॉक्टरेट झालेली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वरिष्ठ संशोधक. पण घरात तिला कुणी डॉक्टर म्हणत नसे. विद्यार्थीदशेत ती विहिरीविहिरींवर बाटल्या घेऊन हिंडायची, तेव्हापासून तिचं नाव बाटली. थोरला दादा बाटली म्हणायचा, आत्या बाटले म्हणायची, आणि दादाची मुलगी बाटलीआत्या म्हणायची. म्हणजे पूर्वी म्हणायची.

उद्या सकाळी दहा वाजता बाटलीला चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. वस्तीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी होती. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे समिती ठरवणार होती, आणि सगळी मदार बाटलीच्या साक्षीवर होती. समितीने आधी शपथेवर लिहून मागितलं होतं की शिक्षण काय, अनुभव काय, या विषयावर बोलायचा अधिकार कशाने आला. तो कागद टेबलावर होता. सही तेवढी राहिली होती.

आणि समोरच्या खुर्चीवर दादा बसला होता. दादा त्याच भट्टीवर मुकादम होता.

"उद्या ताप आला म्हण," मुकादम म्हणाला. "साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बहिणीला समजाव म्हणाले."

"चहा गोड होता का?"

"चेष्टा नको. चाळीस घरं जेवतात त्या भट्टीवर."

"आणि चाळीस घरं तिथलंच पाणी पितात."

"बरं. एवढी खात्री आहे ना? मग मी कंपनीचा वकील होतो. वाच तुझा कागद. बघू किती टिकतेस."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सहा वर्षांची लेक. वहिनी दवाखान्यात परिचारिका होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती आणि नणंदेकडेही. गेले आठ दिवस ती अशीच होती. मुकादमाला वाटत होतं की बायको चिडली आहे. कशावर, हे विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून तो बहिणीशी भांडत होता. ते सोपं होतं.

बाटलीने कागद उचलला. "शिक्षण. रसायनशास्त्र, पदवी, दुसरी श्रेणी."

"दुसरी का? पहिली का नाही? साक्षीदार कच्ची आहे, महाराज!"

"कारण शेवटच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी वकीलसाहेबांचं लग्न होतं. साक्षीदार सकाळी प्रयोगशाळेत उभी होती आणि दुपारी करवली म्हणून. अंगाला गॅसचा वास येत होता."

"येत होता हो," वहिनी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. "मला वाटलं, या घरात सगळ्यांनाच येतो."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बाबाही हसले. बाबांचे हात मांडीवर होते, मनगटातून खाली लोंबलेले, झाडावर सुकून राहिलेल्या पानांसारखे. भट्टी सुरू झाली तेव्हा पहिला माणूस म्हणून ते तोंडाशी उभे राहिले होते. चार वर्षांत मनगटं पडली. डॉक्टरांच्या कागदावर नसांचा विकार असं लिहिलं होतं. कशाने, ते लिहिलं नव्हतं.

"पुढे," वकील म्हणाला.

"पर्यावरणशास्त्र, पदव्युत्तर, पहिली श्रेणी. त्यानंतर डॉक्टरेट. विषय, मातीतलं शिसं भाजीपाल्यात कसं उतरतं. मध्ये दोन वर्षांचा खंड."

"खंड म्हणजे? दोन वर्षं काय करत होतीस? झोपा काढत होतीस?"

बाटलीने कागदाचा कोपरा सरळ केला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ती दोन वर्षं ती बाबांना घास भरवत होती, त्यांची बटणं लावत होती. बाहेरच्या विद्यापीठाने राखून ठेवलेली जागा त्या दोन वर्षांत दुसऱ्या कुणाला गेली.

"घरी होते असं लिहू का?" तिने विचारलं.

"राहू दे. खंडच बरा," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज थोडा उतरला, मग त्याने तो पुन्हा चढवला. "मुख्य मुद्द्यावर या बाई. भट्टीमुळेच शिसं वाढलं हे कशावरून? मातीत आधीपासून असेल. देवाने घातलं असेल."

इथे बाटली सरसावून बसली. हे तिचं घर होतं. "कारण माझ्याकडे आधीचं वर्ष आहे. पदव्युत्तरच्या प्रबंधासाठी मी बारा विहिरींचं पाणी वर्षभर तपासलं, दर महिन्याला. तेव्हा भट्टी पेटलेली नव्हती. पाण्यात शिसं जवळजवळ नव्हतंच. भट्टीनंतर दरवर्षी वाढत गेलं. असा आधीचा हिशेब कुणाकडेच नसतो दादा. प्रबंध, डॉक्टरेट, सात शोधनिबंध, नोकरी, सगळं त्या एका वर्षावर उभं आहे."

"आधीचं वर्ष." मुकादमाने वकिली थाटात पेन्सिल कानामागे खोचली. "बाटल्या स्वच्छ होत्या कशावरून?"

"आम्लाने धुतलेल्या होत्या. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक बाटलीच्या तळाशी मी आम्लाचे दहा थेंब टाकून ठेवायचे."

"ते कशाला?"

"शिसं पाण्यात नुसतं राहत नाही, बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटतं. मग पाणी तपासलं तर पाणी स्वच्छ दिसतं. आम्ल असलं की चिकटत नाही. ते दहा थेंब नसतील तर सगळी मेहनत पाण्यात."

नळ बंद झाला.

"ते थेंब होय," मोरीतून आत्या म्हणाली. पदराला हात पुसत ती दारात आली. चेहऱ्यावर थोडं कौतुक होतं, थोडी तक्रार. "अगं, मला वाटायचं तू बाटल्या नीट निथळत नाहीस. दर वेळी तळाशी ओल. तुला म्हटलंही नाही, म्हटलं पोर दमून येते, आपणच करू. तू झोपलीस की सगळ्या पुन्हा विसळायचे, उपड्या घालायचे आणि पहाटे झाकणं लावून पिशवीत भरायचे. वर्षभर केलं हो. एक दिवस चुकवला नाही."

बाटलीने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"काय झालं?" आत्या म्हणाली.

बाटली तिच्या हातांकडे पाहत होती. तिला एक जुनी गोष्ट आठवली. त्या वर्षी आत्याची बोटं पिवळी पडायची, टोकांची सालं निघायची. आत्या म्हणायची, मेला साबण बदलला वाटतं. रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी समोर बसून जेवायची आणि तिला ते डाग ओळखू आले नव्हते. प्रयोगशाळेत ज्या आम्लाने स्वतःच्या बोटांवर तसलेच डाग पडायचे, तेच डाग. घरात ते दिसलेच नाहीत, कारण आत्याच्या हातांकडे कुणी बघतच नसे. त्या हातांनी आणलेलं तेवढं दिसायचं.

बाटल्या पांढऱ्या होत्या, आतलं न दिसणाऱ्या. पहाटे त्या भरलेल्या पिशवीकडे पाहून तिला आत्याची मायाच वाटायची. पुढच्या वर्षी ती वसतिगृहात गेली, बाटल्या प्रयोगशाळेतच राहू लागल्या, आणि आकडे वर चढले. भट्टीने चढले की दहा थेंबांनी, हे आता सांगता येणार नव्हतं.

"म्हणजे आधीचं वर्ष..." मुकादम म्हणाला.

"नाही," बाटली म्हणाली. "आधीचं वर्षच नाही."

"मग वकील जिंकला की." त्याने टेबलावर थाप मारली. हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं, कारण आत्या खाली बसली होती. खुर्चीवर नाही, सरळ फरशीवर.

"करायला गेले काय आणि हे काय झालं गं माझ्या हातून," ती म्हणत होती. "देवा, मला हात कशाला दिलेस?"

आणि इथे वहिनी उठली.

हिचं मन मला सांगायला हवं. आठ दिवस ती एक कागद पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून स्वयंपाक करत होती. नवऱ्याला सांगावं तर तो भट्टी सोडेल, किंवा सोडणार नाही. दोन्हींची तिला सारखीच भीती होती. नणंदेच्या साक्षीने भट्टी आपोआप बंद होईल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, अशी तिने देवाशी बोलणी केली होती. आता ती बोलणी फिसकटली.

तिने कागद काढून नवऱ्यासमोर ठेवला. "साळुंकीचं रक्त मीच काढलं. दवाखान्यात."

लेकीला साळुंकी म्हणत, कारण दोन वर्षांची असताना ती सकाळी तोंड उघडायची ती झोपेतच मिटायची. आता ती सहा वर्षांची होती. चार चमचे मोजायला सांगितले तर तीनवर थांबायची आणि आईकडे बघायची. सगळे म्हणत, मोठी झाली, शहाणी झाली, म्हणून गप्प झाली.

"सत्तेचाळीस," मुकादमाने वाचलं. "म्हणजे किती?"

"रक्तातलं शिसं पाचावर गेलं की डॉक्टर घाबरतात," वहिनी म्हणाली. "उद्यापासून औषध सुरू करायचंय. शिसं उतरेल म्हणाले. गेलं ते परत येईल का, ते काही बोलले नाहीत."

"विहिरीचं पाणी तर आपण गाळून, उकळून..." तो बहिणीकडे वळला. "बाटली, कुठून आलं हे? सांग ना. तुझा विषय आहे."

"विचारतोय कोण? वकील की बाप?"

"बाटले!"

दारामागच्या खुंटीकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. खुंटीवर त्याचा कामाचा सदरा होता. रोज संध्याकाळी तो फाटकाशी आला की साळुंकी पळत जायची, त्याच्या पोटाला मिठी मारायची, सदऱ्यात तोंड खुपसायची. आणि अंगणात तो सदरा झटकायचा. भट्टीची राखाडी धूळ उडायची. साळुंकी टाळ्या पिटायची.

मुकादम उठला. सदऱ्यापाशी गेला. हात पुढे केला आणि मागे घेतला. दारात तो पाठमोरा उभा राहिला.

वळला तेव्हा आवाज वेगळाच होता. "ऐक. ते बाटल्यांचं लिहू नकोस. झाकली मूठ झाकलेली राहू दे. उद्या जा, वाच, सही कर, भट्टी बंद पाड."

"तूच म्हणालास ताप आला म्हण."

"तो मूर्ख होता. आता मी सांगतोय."

"मी काही बोललेच नाही असं समज गं," आत्या फरशीवरून म्हणाली. "म्हातारी आहे, बरळते. कोण विचारतंय मला?"

"ताई," वहिनीने नणंदेचा हात धरला, "नका ना लिहू. शिसं आहे हे खरंच आहे. हे हात बघा, ही पोर बघा. खरं तेच सांगताय तुम्ही, फक्त रस्ता चुकलाय."

बघा कशी गंमत आहे. घटकाभरापूर्वी एकमेकांवर धावणारी माणसं एका बाजूला येऊन बसली आणि बाटली एकटी पडली. तिला त्यांचं पटतही होतं, हीच खरी पीडा होती. सही करायला एक क्षण लागणार होता. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, उद्याही कुणी विचारणार नव्हतं. तिने पेन उचललं. टोपण काढलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही."

बाबांनी मान वर केली. ते फार कमी बोलत. जीभ जड झाली होती.

"भट्टीच्या दारावर कागद लावला होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. धुराने अपाय नाही, तपासून पाहिलं आहे. खाली एका शास्त्रज्ञाची सही. नावापुढे पदव्या होत्या, चार. मी मोजल्या होत्या. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील?" ते थांबले, श्वास घेतला. "त्याच्याही घरी कुणी म्हणालं असेल पोरी. कर सही, कोण विचारतंय."

त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

बाटलीने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत होती, लहानपणी शुद्धलेखन लिहायची तशी. 'पहिल्या वर्षाच्या बाटल्यांतलं आम्ल माझ्या नकळत निघून गेलं होतं. त्या वर्षाचे आकडे कमी आले असणं शक्य आहे. ते मी मागे घेत आहे. त्यांवर उभा असलेला माझा प्रबंध आणि त्यापुढचे निष्कर्ष त्या मर्यादेत वाचावेत. चूक माझी आहे. बाटल्या माझ्या होत्या.'

"माझं नाव घाल की," आत्या म्हणाली. "धुतल्या मी."

"बाटल्यांवर कुलूप घालायचं काम संशोधकाचं असतं आत्या. तुझं नव्हतं." तिने सही केली. सही करताना शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. बारा वर्षं त्या एका सहीबरोबर खाली गेली. लहानपणापासून तिला एवढंच व्हायचं होतं आणि तेवढंच तिने कमावलं होतं.

"म्हणजे संपलं," मुकादम म्हणाला. "वकील उद्या हसतील. म्हणतील, आणखी एक वर्ष मोजा. आणि वर्षभर भट्टी पेटलेली."

"हो."

"शिसं कुठून येतं हे दाखवणारं दुसरं काही नाही?"

"कुणी डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर. पण आत कुणाला सोडतात?"

मुकादम खुर्चीत बसला. साळुंकी आईच्या मांडीवरून उतरून सवयीने त्याच्याकडे निघाली. तो झटकन मागे सरला, दोन्ही हात वर केले, जणू कुणी बंदूक रोखली असावी. पोर मध्येच थांबली. तिला कळेना आपलं काय चुकलं.

तिच्याकडे पाहतच तो बोलला. "कोरा कागद आहे का आणखी?"

"कशाला?"

"काढ तर. तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगतो तू लिही. वर काय असतं? शिक्षण. लिही, नववी नापास."

"दादा..."

"लिही गं. अनुभव, अकरा वर्षं, मुकादम. काम, बॅटऱ्या धुण्याच्या टाकीतलं गढूळ पाणी टँकरने बाहेर गेलं अशी वहीत नोंद करणं. दर शुक्रवारी. टँकर अकरा वर्षांत आला सहा वेळा. बाकीच्या शुक्रवारी शिफ्ट सुटली की मी स्वतः झडप उघडायचो. पाणी मागच्या पडक्या विहिरीत जायचं. नोंद मात्र दर वेळी केली. सह्या माझ्या आहेत. सगळ्या खोट्या."

"अहो," वहिनी उभी राहिली, "तुम्हाला आत टाकतील."

"टाकतील."

"आणि औषध? दवाखाना? मी एकटी?"

"तू एकटी कुठे? बाटली आहे. उद्यापासून तिला वेळच वेळ आहे." त्याने हसायचा प्रयत्न केला. बहीणही हसायला गेली आणि दोघांनाही जमलं नाही. "आत्या, तुझं तरी नकळत झालं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. मला फक्त सदऱ्याचं माहीत नव्हतं."

तिने लिहून पूर्ण केलं. त्याने वेड्यावाकड्या अक्षरात सही केली. पहिली खरी सही, तो म्हणाला. मग दोन्ही कागद एका पाकिटात गेले. वरचा होता डॉक्टर बहिणीचा, ज्याने तिचा अधिकार काढून घेतला. खालचा नववी नापास भावाचा, ज्याने त्याला अधिकार दिला.

दुसऱ्या दिवशी दहाला दोघं गेली. वकील हसायचे ते हसले. बाटलीच्या सातांपैकी चार निबंधांवर पुढे वर्षभर चौकशी चालली. भट्टीला कुलूप लागलं ते त्या पडक्या विहिरीतला गाळ उपसल्यावर, आणि तोवर मुकादम गजाआड होता. साळुंकीच्या रक्तातलं शिसं उतरलं. चार चमचे ती मोजायला लागली, पण साळुंकी हे नाव मागेच राहिलं. ते पुन्हा कुणी वापरलं नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. पाकीट बंद झाल्यावर टेबलावर चहाचे कप होते, तळाशी घोट घोट उरलेले. आत्या भिंतीला धरून उठली. कप गोळा करायला तिचा हात पुढे गेला, आणि हवेतच थांबला. तिने सगळ्यांकडे पाहिलं.

"हे धुऊ का?" तिने विचारलं.

बाटली उठली. आत्याचं बोट न् बोट तिने दोन्ही हातांत घेतलं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं, बारा वर्षं उशिरा. आणि म्हणाली, "धू."

पुढे जगली तोवर आत्या प्रत्येक भांड्याला विचारायची, धुऊ का. लोकांना वाटे म्हातारीला भ्रम झाला.

तर मंडळी, आता उठा. घरी जा, पाणी प्या. आणि कधी कुणाची बाटली विसळायला घ्याल, मायेने, न विचारता, तेव्हा त्या बाईची एक क्षण आठवण ठेवा. मोठ्या नावांना लक्षात ठेवायला पुस्तकं आहेत. तिला लक्षात ठेवायला मला तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही.